उजवी करंगळी आणि सपाट कीबोर्ड

मंडळी, नमस्कार. आज समोर बसलेल्यांत भाषांतर करणारे आहेत, मुद्रितं तपासणारे आहेत, शाळेत प्रश्नपत्रिका टाइप करणारे शिक्षक आहेत. म्हणजे दिवसाचे चार-सहा तास ज्यांची बोटं मराठीत चालतात, अशी सगळी माणसं. मी तीस वर्षं टायपिंग शिकवलं. आधी रेमिंग्टन आणि गोदरेजच्या टाइपरायटर मशीनवर, नंतर संगणकावर. राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंगच्या परीक्षेला किती मुलं बसवली याचा हिशेब ठेवलेला नाही, पण मिनिटाला ३० शब्द आणि ४० शब्द यांच्यामध्ये मुलांची बोटं कुठे अडतात, हे मात्र मला नीट ठाऊक आहे. त्या अडण्यावरूनच आज बोलायचं आहे.

अलीकडे मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "बाई, तो पातळ, बिनवायरचा कीबोर्ड घेऊ का?" दुकानात तो दिसतोच छान. टेबलावर पसारा नाही, पिशवीत मावतो, आवाज नाही. माझ्याकडेही आला होता. मुलीने वाढदिवसाला दिला. पहिल्या दिवशी हात फिरवून बघितला तर फार आवडला. इंग्रजीत एक पत्र लिहिलं, काही अडचण नाही. मग एका मैत्रिणीच्या आत्मचरित्राचं हस्तलिखित टाइप करायला घेतलं, आणि दुसऱ्या पानापासून घोटाळे सुरू झाले. "आहे" लिहायला जायचे, आणि वरच्या ओळीतल्या भलत्याच शब्दाला काना चिकटलेला असायचा. पुढे "हे" लोंबतंय. एका पानात असं सहा-सात वेळा. आधी मला वाटलं, वय झालं, बोटं चुकायला लागली. मग एके दिवशी फूटपट्टी घेऊन बसले आणि बटणं मोजली.

नेहमीच्या मोठ्या कीबोर्डवर उजव्या हाताचं शिफ्टचं बटण साधारण ५२ मिलिमीटर रुंद असतं. सव्वापाच सेंटिमीटर. माझ्या त्या सुंदर कीबोर्डवर ते भरलं १७. उरलेल्या जागेत बाण बसवले होते, आणि वर जाणारा बाण शिफ्टला अगदी खेटून. म्हणजे माझी करंगळी तीस वर्षांच्या सवयीने जिथे शिफ्ट असायला हवं तिथे जात होती आणि बाण दाबला जात होता. कर्सर एक ओळ वर सरकायचा, आणि आ ऐवजी नुसता काना तिथे जाऊन पडायचा.

आता हे इंग्रजीत का झालं नाही? हा आजच्या बोलण्याचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

आपण इन्स्क्रिप्ट वापरतो, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही मांडणी ठरवली, आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून ती आली. तिची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. दोन्ही हात आलटूनपालटून चालतात, म्हणून वेग येतो. मात्रा साध्या बटणावर, आणि तोच स्वर सुटा हवा असेल तर शिफ्ट दाबून. काना आणि आ एकाच बटणावर, पहिली वेलांटी आणि इ एकाच बटणावर. आता बोटांचा नियम काय? अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजव्या करंगळीने. म्हणजे स्वराने सुरू होणारा जवळपास प्रत्येक शब्द उजव्या शिफ्टने सुरू होतो. आई, आज, इथे, उद्या, एक, ओळ, अजून. आणि "आणि"! त्यात तर दोनदा, कारण ण हे अक्षरही डाव्या हाताच्या खालच्या ओळीत, शिफ्टमध्ये आहे. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला एकदा मोठं अक्षर येतं, मग पुढचं वाक्य येईपर्यंत शिफ्टला सहसा हात लागत नाही. आपल्याकडे एका ओळीत चार-पाच वेळा लागतो. इंग्रजी लिहिणाऱ्यासाठी उजवं शिफ्ट छोटं केलं तर त्याला कळणारही नाही. आपलं मात्र पान बिघडतं.

आणि शिफ्ट हा एकच विषय नाही. उजव्या करंगळीकडे आपण काय काय दिलंय बघा. ज. च. ट. ड. य. ऋकाराची खूण. आणि अर्धचंद्राचा काना, म्हणजे "कॉलेज"मधला कॉ लिहायला जो लागतो तो. इंग्रजीत या जागांवर, एक पी सोडला तर, कंस, अवतरणचिन्हं, तिरकी रेघ अशी कधीमधी लागणारी चिन्हं आहेत. छोटा कीबोर्ड बनवणारा सगळ्यात आधी कुठली बटणं अरुंद करतो? हीच. उजव्या कडेची. त्याच्या दृष्टीने ती चिन्हं आहेत. आपल्यासाठी ती मुळाक्षरं आहेत.

"डॉक्टर" हा शब्द मी सगळ्यांना टाइप करायला लावते. सहा ठोके: ड, अर्धचंद्राचा काना, क, हलन्त, ट, र. त्यातले तीन उजव्या करंगळीचे, आणि तिन्ही कडेची बटणं. काही लहान कीबोर्डवर त्या अर्धचंद्राच्या कान्याचं बटण दुसऱ्याच ओळीत टाकलेलं असतं, काहींवर ते एफएन नावाचं दुसरं बटण धरूनच निघतं. डॉक्टर, ऑफिस, हॉटेल, ऑगस्ट. दर वेळी थांबायचं, मान खाली घालून बघायचं, मग दाबायचं. आणि "च्या" घ्या. घराच्या, आमच्या, पुण्याच्या. त्यात च आणि य दोन्ही करंगळीचे. मराठीत "च्या"शिवाय परिच्छेद पुरा होत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कीबोर्ड पातळ आहे की जाड, हा प्रश्न नंतरचा. आधी उजवी कड बघा. पातळ असूनही पूर्ण रुंदीचे कीबोर्ड मिळतात. बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच, आणि उजवं शिफ्ट ऐसपैस. असा मिळाला तर पातळ कीबोर्डला माझी काहीही हरकत नाही. उलट त्याची एक बाजू फार चांगली आहे, ती मनगटाची.

सगळ्यांनी जरा हात पुढे करा. तळहात जमिनीकडे. आता बोटं छताकडे वळवा, मनगटातून. ताण जाणवला? उंच कीबोर्डवर, टेबलही उंच असेल तर, आपण तासन् तास असेच हात ठेवून बसतो. पातळ कीबोर्डवर हात सरळ राहतो. जाड कीबोर्ड वापरायचा असेल तर पुढे तळहात टेकायला पट्टी ठेवा, नाहीतर खुर्ची वर घ्या. आणि कीबोर्डच्या मागचे ते दोन छोटे पाय असतात ना, ते घरी गेल्यावर आधी मिटून टाका. ते उघडले की मनगट आणखी वर वाकतं. मी वर्गात कित्येक वर्षं मुलांना पाय उघडून बसवत होते, कारण मशीनला उतार असायचा आणि आम्हाला त्याचीच सवय होती. ते चूक होतं. दोन-तीन मुलींची मनगटं दुखायची आणि मी त्यांना सांगायची की सरावाने जाईल. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

आता बटण किती खाली जातं ते. चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डवर बटण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटतं. म्हणजे बटण तळाला आदळायच्या आत बोटाला कळतं की झालं, आणि बोट पुढे निघतं. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग. आपल्याकडे बँकेच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या खिडकीपलीकडे जो टकटक वाजणारा टीव्हीएस गोल्ड दिसतो तो या जातीचा. त्यात चेरी कंपनीचे निळे स्विच असतात. साध्या, स्वस्त कीबोर्डमध्ये रबराच्या छोट्या टोप्या असतात. त्या जवळजवळ पूर्ण दाबाव्या लागतात, आणि काही वर्षांत मऊ पडतात. पातळ कीबोर्डमध्ये रबराच्या टोपीवर कात्रीसारखी दुमडणारी छोटी चौकट असते आणि बटण दीड-दोन मिलिमीटरच हलतं.

मशीनवर शिकलेली माणसं जोरात मारतात. आमच्या पिढीला तशीच शिकवण होती, कारण अक्षर फितीतून कागदावर उमटायचं. असा हात पातळ कीबोर्डवर आला की बोटाची टोकं दर ठोक्याला कडक तळावर आपटतात, आणि संध्याकाळी हुळहुळतात. लॅपटॉपवर शिकलेल्या मुलांचा हात हलका असतो. त्यांना ४ मिलिमीटर म्हणजे चिखलात चालल्यासारखं वाटतं. दोघांचंही खरं आहे, फक्त आपला हात कुठला हे ओळखायला हवं. पातळपणालाही मर्यादा आहे, हे एका मोठ्या कंपनीने स्वतःच दाखवून दिलं. ॲपलने २०१५ मध्ये लॅपटॉपला बटरफ्लाय नावाची रचना दिली, बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं. बारीक धूळ अडकली की अक्षर उमटेना, किंवा दोनदा उमटे. २०१८ मध्ये त्यांना मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९ पासून ते परत कात्रीच्या रचनेकडे वळले.

बिनवायरच्या बाबतीत थोडक्यात सांगते. दोन प्रकार आहेत. एकात यूएसबीमध्ये खोचायचा छोटा रिसिव्हर येतो, दुसरा ब्लूटूथवर चालतो. ब्लूटूथवाल्याचा फायदा असा की एकच कीबोर्ड टॅब, फोन आणि संगणक अशा तिघांना जोडता येतो. प्रवासात भाषांतर करणाऱ्यांना तो खरंच सोयीचा. रिसिव्हरवाला असेल आणि अधूनमधून अक्षरं गळत असतील तर कीबोर्ड फेकायच्या आधी रिसिव्हर कुठे खोचलाय ते बघा. यूएसबी ३ च्या जोडणीतून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका या रिसिव्हरच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो. शेजारी हार्ड डिस्क जोडलेली असेल तर हमखास. रिसिव्हर एखाद्या छोट्या एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणून ठेवला की बहुतेक वेळा त्रास थांबतो.

आणि स्वस्तातला अनोळखी बिनवायरचा कीबोर्ड घेऊन त्यावर बँकेचा पासवर्ड टाइप करू नका. २०१६ मध्ये बॅस्टिल नावाच्या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की आठ कंपन्यांचे काही बिनवायरचे कीबोर्ड दाबलेलं प्रत्येक अक्षर उघडंच हवेत सोडत होते, कुलूप न लावता. लांबूनही ते पकडता येत होतं. खोक्यावर एन्क्रिप्शनचा, म्हणजे या कुलपाचा, उल्लेख आहे का ते बघा. प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या शिक्षकांनी तर माझं ऐकावं आणि वायरचाच वापरावा.

हिशेबाचं काम नसेल तर उजवीकडचे आकडे नसलेला कीबोर्ड घ्यायला हरकत नाही. त्याने माउस सात-आठ सेंटिमीटर जवळ येतो आणि खांदा मोकळा राहतो. फक्त आकडे गेले म्हणून शिफ्टही गेलं, असं होऊ देऊ नका. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांना कडेच्या बटणांचा हा त्रास कमी होईल. बोलून लिहिणाऱ्यांना होणारच नाही. पण मुद्रितं तपासताना त्यांनाही बोटांकडे यावंच लागतं.

मागे टेबलावर मी चार कीबोर्ड मांडून ठेवलेत. दोन पातळ, एक साधा चार-पाचशे रुपयांचा, एक मेकॅनिकल. शेजारच्या कागदावर एक वाक्य लिहिलंय: "आमच्या आजीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याची दृष्टी तपासली आणि औषध आजच आणा असं सांगितलं." मान खाली न घालता, प्रत्येकावर तीनदा टाइप करा. दुकानात जाल तेव्हाही हाच कागद घेऊन जा. फोन सोबत असतोच, ब्लूटूथचा कीबोर्ड त्याला जोडून तिथेच टाइप करता येईल. रिसिव्हरचा असेल आणि दुकानदार जोडू देत नसेल, तर नुसती बोटं ठेवून बघा, उजवी करंगळी आ लिहिताना कुठे पडते ते. या, एकेक जण या. मी इथेच उभी आहे.