किल्ली आक्कांकडं असते

(पडदा काळा. कुठंतरी दुधाची किटली घासल्याचा आवाज. मग गल्ली दिसते.)

मे महिना, दुपारचे दोन. शुक्रवार पेठ जेवून आडवी झालीय. या गल्लीच्या टोकाला उतार लागतो आणि उतार संपला की पंचगंगा. डाव्या हाताला जे घर दिसतंय, त्याच्या दाराला दोन कुलपं आहेत. एक पितळी, जुनं. दुसरं लोखंडी, त्याच्यावर गंज चढायचाय. दोन कुलपं दिसली की समजायचं, घराचे वारस दोन भाऊ आहेत आणि ते बोलत नाहीत.

मी पुण्यात नोकरी करतो. मे महिन्यात आणि दिवाळीत आजोळी कोल्हापूरला येतो. लोक सुट्टीत पन्हाळ्याला जातात, जोतिबाला जातात. मी रिकामी घरं बघत हिंडतो. मामा याला भुताचा नाद म्हणतात. मामीचं म्हणणं, "सुट्टीत माणसांनी माणसांना भेटावं, हा भिंतींना भेटतो." भूत अजून एकही भेटलेलं नाही. वारस मात्र पुष्कळ भेटले.

(किटली घासणाऱ्या हातांचं दृश्य. चेहरा दाखवू नये.)

दार बंद आहे म्हणून भिंतीवरून उडी मारायची, ही पद्धत इथं चालत नाही. भारतीय न्याय संहितेत परक्या घरात घुसण्यासाठी ३२९ वं कलम आहे. पण पेठेत कलम पोहोचायच्या आत तालमीतली पोरं पोहोचतात. आणि त्याची गरजही नसते. कोल्हापुरात बंद घराची किल्ली बहुतेक वेळा शेजारी असते. तिथं एक आक्का असतात.

या गल्लीतल्या आक्कांनी मला आधी वरून खालपर्यंत बघितलं.

"कुणाचा रं तू?"

मामांचं नाव सांगितलं. आडनाव, गल्ली, आजोबा कुठल्या तालमीत जायचे, इथपर्यंत चौकशी झाली.

"आत काय हाय बघायला? घुशी हायत."

"घरच बघायचंय, आक्का."

"थांब, फोन करून इचारतो."

इचारतो. आमच्याकडं बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्यात आई पहिल्यांदा असं बोलली तेव्हा शेजारच्या काकू गडबडल्या होत्या. असो. फोन दोन झाले, कारण कुलपं दोन. एक मुंबईला, एक सांगलीला. दोघांनीही हो म्हटलं, आणि दोघांनीही विचारलं की दुसऱ्यानं काय सांगितलं.

(दार उघडतं. कॅमेरा उंबऱ्याशीच थांबतो.)

आत लगेच शिरायचं नाही. दार उघडं टाकून दहा मिनिटं बाहेर उभं राहायचं. कोंडलेली हवा निघून जाते, आत कुणी सरपटणारं असलं तर तेही बाजूला होतं. पाकोळ्या असल्या तर त्या डोक्यावरून बाहेर येतात, तेव्हा ओरडायचं नाही. मी अजूनही ओरडतो.

हा सोपा, म्हणजे ओसरी. पुढं चौक, चौकाच्या पलीकडं माजघर, मागं परडं आणि परड्यात आड. जोतं काळ्या दगडाचं, कमरेएवढं उंच. त्याच्यावरची भिंत मातीची. वर सागवानी तुळया, कडीपाट, त्याच्यावर मातीचा थर आणि त्या थरावर माडी. माडीवर चालायचंच असेल तर तुळईच्या रेषेवरून चालावं. दोन तुळयांच्या मधली फळी वरून धडधाकट दिसते, पण आतून वाळवीनं खाल्लेली असते. चार वर्षांपूर्वी माझा एक पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला होता. खालच्या खोलीतून तो कसा दिसला असेल, याचा विचार करून मामा अजून हसतात.

छपराची कौलं मंगलोरी. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली, आणि पुढं तिथं बनणाऱ्या त्या चपट्या लाल कौलांना गावाचंच नाव चिकटलं. त्याआधी कुंभारांनी चाकावर केलेली नळीची कौलं असायची. कौल पडलेलं सापडलं तर उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचं नाव उठलेलं असतं. बघून झालं की परत होतं तिथं ठेवा. मी या नादात आजवर एकही वस्तू उचललेली नाही, जात्याचा खुंटासुद्धा नाही.

(भिंतीवरची रेघ. सावकाश, डावीकडून उजवीकडं.)

ही पुराची रेघ बघा. माझ्या खांद्याच्या वर आहे. खाली तपकिरी, वर चुन्याची पांढरी. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५५ फुटांच्या वर गेलं होतं. घर सावरतंय न सावरतंय तोच २०२१ चा जुलै आला, त्या वेळी त्याहूनही वर.

पूर आला की घर पडतं, असं आपण म्हणतो. या घरांचं जरा उलटं असतं. पाणी आहे तोवर भिंत बऱ्याचदा उभी राहते. पाणी उतरतं, ऊन पडतं, मातीची भिंत बाहेरून वाळते, आतून ओलीच असते, आणि मग चार-आठ दिवसांनी एखाद्या रात्री बसते. दगडी जोत्याला काही होत नाही. पेठेत हिंडताना नुसतं जोतं आणि वर उगवलेली एरंडाची झाडं दिसली तर ते अशाच एखाद्या रात्री बसलेलं घर असू शकतं.

या घरात २०१९ पर्यंत एक आजी एकट्या राहायच्या. होडीतून बाहेर काढलं, लेकीकडं गेल्या, त्या परत आल्या नाहीत. मग वाटण्यांचा प्रश्न निघाला.

आता कागद. खेड्यात शेताचा सातबारा असतो, तसं शहरात प्रॉपर्टी कार्ड. कुठल्याही रिकाम्या घराचा सिटी सर्व्हे नंबर कळला की मी ते कार्ड काढतो. लोकांना वाटतं, अशा घरांना मालक नसतो. कार्डावर दिसतं ते वेगळंच. पणजोबांचं एक नाव, त्याच्याखाली 'वारसाने' चार, त्यांच्याखाली अकरा. एका घराच्या कार्डावर मी तेवीस नावं मोजली. तेवीस जणांच्या सह्या एका दिवशी एका टेबलावर मिळणं म्हणजे एखाद्या लग्नात कुणीच न रुसण्यासारखं आहे. एकजण घरफाळा भरत राहतो, कारण पावती आपल्या नावावर असलेली बरी. दुसरा वर्षातून एकदा येऊन कुलूप बदलतो. दुरुस्ती कुणीच करत नाही, कारण दुरुस्ती केली तर फायदा तेवीस जणांना.

(रस्ता. ऊस. लांबून एक गाव.)

शहराबाहेर गोष्ट निराळी. जिल्ह्यातल्या एका खेड्यात मला चौथरा दाखवला. घर नाही, फक्त चौथरा, पायऱ्या आणि एक कोनाडा. गावातल्या आजोबांनी दोन शब्दांत सांगितलं, "जळितात गेलं." ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि पुढच्या काही दिवसांत या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्यात जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला. पण खेड्यातली पुष्कळ कुटुंबं पुण्या-मुंबईला गेली ती गेलीच. त्याच वर्षी कूळकायदा झाला. पुढं जमिनी कसणाऱ्यांकडं गेल्या, आणि गावाशी राहिलेला शेवटचा धागाही तुटला. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे होते. आणखी विचारल्यावर ते उसाकडं बघत राहिले. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. त्या चौथऱ्याचं दृश्य या फिल्ममध्ये नाही.

आणि काही घरं रिकामी असतात ती मुद्दाम. शहराच्या वायव्येला प्रयाग चिखली. नद्यांच्या संगमावरचं गाव. १९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला उंचावर जागा मिळाल्या. काहींनी तिथं घरं बांधली, पण शेत खाली, गोठा खाली, देव खाली. त्यामुळं उन्हाळ्यात सोनतळीला जाल तर कुलपं दिसतील. पाणी चढायला लागलं की म्हशींसकट सगळे वर येतात, चुली पेटतात. ते घर टाकून दिलेलं आहे की राखून ठेवलेलं, हे मे महिन्यात कळतच नाही.

राधानगरीलाही जाऊन आलो. जलाशयातला शाहू महाराजांचा बेनझीर व्हिला पाणी ओसरलं की दिसायला लागतो. भिंती, कमानी, आणि त्यांच्यापुढं सेल्फी काढणारे आम्ही दोनशे जण. तिथं मजा आली नाही. कुणाला विचारावंच लागलं नाही.

(पुन्हा शुक्रवार पेठ. माजघर. उजेड कौलाच्या फटीतून.)

म्हणून जायच्या आदल्या दिवशी परत याच घरात आलो. माजघराच्या दारामागं, चौकटीला लागून, एक गोष्ट पहिल्या वेळी सुटली होती. कोळशाच्या उभ्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी. रांगेनं, वरपासून खालपर्यंत. एका रांगेशी 'पाऊण' असं लिहिलंय. दुधाचा हिशेब. पुराची रेघ बरोबर मधून गेलीय. खालचे महिने धुऊन गेलेत, वरचे राहिलेत.

मी त्याचा फोटो घेतला, दोन्ही कुलपं लावली, किल्ल्या द्यायला गेलो.

"गावलं का काय?"

फोन पुढं केला. आक्कांनी हात पदराला पुसले, फोन लांब धरला, डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. मग मागं वळून गोठ्याकडं बोट केलं.

"आमचंच दूध हाय ते. म्हातारीला मी सवता घालत होतो." मग बोटानं पडद्यावरच्या रेघा मोजल्या. "आनि ह्या वरच्या दोन महिन्यांचं पैसं अजून यायचं हायत. त्या मुंबईवाल्याला हे धाडशील का?"

(फोटो पडद्यावर. किटलीचा आवाज.)