डावं चाक

(दृश्य: अंगणातली गाडी, समोरून. कॅमेरा हळूहळू खाली, चाकापर्यंत.)

ही आमची मॉरिस मायनर. पुढची काच बघा, मधे पट्टी असलेली, दोन तुकड्यांची, म्हणजे गाडी 1956 च्या आधीची. इंजिन 803 सीसी, चढाला लागली की मागच्या बसवाल्यांचे हॉर्न आम्हाला पाठ झालेत. पण आज इंजिनाचं काही नाही. आज चाकाच्या आतल्या बाजूला बघायचंय, जिथे गाडी पुसतानाही कुणाचा हात जात नाही.

झालं ते थोडक्यात. एका वळणावर डावं पुढचं चाक आत दुमडलं आणि गाडी मडगार्डवर बसली. वेग कमी होता, कुणाला काही लागलं नाही. त्याचं शूट नाहीये, तेव्हा कॅमेरा कुणाला सुचणार होता.

(दृश्य: ट्रेमधला ट्रनियन, क्लोजअप.)

हा त्याच्यातला आरोपी. ट्रनियन. आतले आटे बघा, म्हणजे आटे जिथे होते ती जागा बघा, बोट फिरवलं तर जवळजवळ गुळगुळीत लागतं. गंमत अशी की हा पार्ट म्हणजे सरळसरळ एक नट आहे. किंगपिन म्हणजे चाक ज्याच्यावर वळतं ती उभी पिन, तिच्या दोन्ही टोकांना आटे, वर एक ट्रनियन आणि खाली एक, स्टेअरिंग वळवलं की पिन या दोघांत फिरते, आणि गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन खालच्या ट्रनियनच्या आट्यांवर लटकलेलं असतं. तो घट्ट आवळायचा नसतो, कायम फिरता ठेवायचा. आट्यांमधे ग्रीस असेल तर बिचारा वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. ग्रीस सुकलं की धातूवर धातू घासतो, आटे झिजत झिजत पातळ होतात, आणि एक दिवस पिन वरच्या बाजूने उपटून बाहेर येते.

आता तुम्ही म्हणाल डिझाइनच वाईट. थांबा जरा.

(दृश्य: गाडी परत समोरून, बॉनेटच्या मधल्या पट्टीवर कॅमेरा.)

ही गाडी अलेक इसिगोनिस यांची, पुढे 1959 मधे ज्यांची मिनी आली तेच. युद्ध चालू असतानाच काम सुरू झालं होतं, तेव्हा नाव होतं मॉस्किटो. 1948 मधे लंडनच्या मोटर शोमधे गाडी लोकांसमोर आली, पण त्याआधी इसिगोनिसना ती अरुंद वाटली म्हणून त्यांनी सॅम्पल गाडी उभी मधोमध कापायला लावली, दोन अर्धे जरा लांब जरा जवळ असं करून बघितलं आणि चार इंच वाढवले. बॉनेटवरची ही सपाट पट्टी म्हणजे तेच चार इंच. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना गाडी अजिबात आवडली नव्हती, तिला पोच्ड एग म्हणाले होते असं सांगतात. आणि ब्रिटनमधे दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली गाडी हीच ठरली.

त्या काळातल्या छोट्या गाडीला रॅक अँड पिनियन स्टेअरिंग (दातेरी पट्टीवर फिरणारं दातेरी चाक) आणि पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं, हे सोपं नव्हतं. कॉइल स्प्रिंग नाही. त्याऐवजी हा लांब सरळ लोखंडी दांडा, टॉर्शन बार. पुढचं टोक खालच्या आर्ममधे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांडीत, मागचं टोक गाडीच्या पोटाखाली पक्कं बांधलेलं. चाक खड्ड्यात गेलं की आर्म हलतो आणि दांडा पिळला जातो, ओला टॉवेल पिळतो तसा. जागा कमी लागते, मोडण्यासारखं काही नाही. एवढं सगळं देऊन गाडी बदल्यात काय मागते, तर ठरावीक अंतराने ग्रीस गनचे चार झटके. आम्ही दिले नाहीत. मग आरोपी कोण ते तुम्हीच ठरवा.

(दृश्य: जॅक, स्टँड. बाबा जमिनीवर आडवे.)

सुरुवात स्टँडपासून. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली बाबा डोकं घालत नाहीत आणि मलाही घालू देत नाहीत, टॉर्च धरायचं काम माझं असल्यामुळे हा नियम मला लागू आहे. चाक काढलं. टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा चाकाशी असलेला सांधा, सोडवला, ब्रेकचा होज वेगळा केला. आता हा भाग नीट बघा. बारमधे पीळ साठलेला आहे. वरचा बोल्ट असाच काढला तर आर्म खाली असा फटकन येईल की हात मधे असला तर हात गेला. म्हणून दुसरा जॅक खालच्या आर्मखाली लावला, थोडा उचलला, मग वरच्या ट्रनियनचा बोल्ट काढला, हब (चाक ज्याच्यावर बसतं तो मधला भाग) आणि किंगपिन बाजूला केली आणि जॅक अगदी सावकाश, टिचकीभर टिचकीभर, खाली. हा शॉट मी कापलेला नाही, पूर्ण ठेवलाय, कंटाळा आला तरी बघा.

(इथे आवाज फक्त जॅकचा.)

बार काढताना दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाची खूण केली, म्हणजे बसवताना स्प्लाइनचा, म्हणजे टोकांवरच्या खाचांचा, एकही दात इकडचा तिकडे नको, नाहीतर गाडी एका बाजूला कलते. आणि डावा बार डावीकडेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते या दांड्याला शब्दशः लागू आहे, इतकी वर्षं एका दिशेला पिळला गेलाय, उलट्या बाजूला लावला तर तुटू शकतो. त्याच्यावर हातोडा नाही, साधा ओरखडाही नाही, ओरखड्यापासूनच तडा सुरू होतो. बाबांनी तो जुन्या चादरीत गुंडाळून कपाटाच्या वर ठेवला, तान्ह्या बाळासारखा.

(दृश्य: रॉकेलचा डबा, ब्रश, एकेक पार्ट स्वच्छ होताना.)

धुण्यातच दोन संध्याकाळी गेल्या. आय-बोल्टचे, म्हणजे खालचा आर्म गाडीला जोडणाऱ्या डोळ्यासारख्या बोल्टचे, रबरी बुश बोटांनी भुगा होऊन निघाले. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र ठीक निघाला, हा जुन्या लिव्हर टाइपचा, त्याचा हातच वरच्या आर्मचं काम करतो. हात वरखाली करून बघितला, सगळीकडे सारखा जड लागला, मधे कुठे रिकामा गेला नाही. तेल भरलं, विषय संपला.

नवीन किंगपिन आणि ट्रनियन. इथे एक घोळ झाला तो सांगतेच. ट्रनियन पिनवर चढेना. बाबा जोर लावतायत, मी टॉर्च हलवली म्हणून ओरडा खातेय, आणि वीस मिनिटांनी लक्षात आलं की दुकानातून उजव्या बाजूचा आलाय. दोन बाजूंचे आटे वेगळे असतात, एकीकडे सरळ, एकीकडे उलटे. बाबा म्हणाले, "अगं, नशीब जोर कमी पडला." पार्ट बदलून यायला आठ दिवस गेले.

(दृश्य: ट्रनियन पिनवर फिरताना, अगदी जवळून.)

हा माझा सगळ्यात आवडता शॉट. आधी आट्यांना ग्रीस, मग ट्रनियन शेवटपर्यंत फिरवायचा आणि थोडा मागे घ्यायचा, इतका की स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळलं तरी अडकता कामा नये. बघा कसा फिरतोय. आवाजच नाही.

बाकी जोडणी म्हणजे काढलं त्याच्या उलट, जॅकने आर्म वर, बोल्ट, कॅसल नट, ते सैल होऊ नयेत म्हणून घालायच्या स्प्लिट पिना नवीन, जुन्या परत वाकवायच्या नाहीत. ब्रेकमधली हवा काढली. फक्त बुशचे नट गाडी चाकांवर उतरवल्यावर शेवटचे आवळले, हवेत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. उजवी बाजूही अशीच उघडली, तिचं शूट नाही, तेच परत कोण बघणार. तिकडचेही आटे अर्धे गेलेले होते.

(दृश्य: चाक हवेत, ग्रीस गन निप्पलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर.)

ग्रीस भरताना चाक हवेत हवं. वजन उतरलं की आट्यांमधली दबलेली बाजू मोकळी होते आणि ग्रीस सगळीकडे जातं. एक झटका, दोन, तीन... आणि हे बघा, कडेने आलं. येऊ दे, पुसायची घाई नको.

(दृश्य: गाडी फाटकातून बाहेर. बाबा स्टेअरिंगवर.)

इथे मी काही बोलत नाही.

(दृश्य: गाडी परत जॅकवर. बाबांच्या हातात पाना.)

शंभर किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासले. डाव्या आय-बोल्टचा पाव फेरा सैल निघाला, तो आवळला. मडगार्ड अजून चेपलेलंच आहे.