तिकीट खिडकीच्या अलीकडे

[दृश्य: रिकामा फलाट. इंडिकेटर बंद.]

२२ मार्च २०२०. जनता कर्फ्यूचा रविवार. त्या रात्रीनंतर मुंबईची लोकल थांबली. रोज ७५ लाखांहून जास्त माणसं वाहून नेणारी गाडी कारशेडमध्ये जाऊन उभी राहिली. बंद करणं एका आदेशात झालं. उघडण्याचा वाद मात्र दोन वर्षं चालला.

३१ मे २०२० रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘पुनश्च हरिओम’ म्हणत टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवायची घोषणा केली. शब्द लोकमान्यांचे. १८९७च्या राजद्रोहाच्या शिक्षेनंतर टिळक पुन्हा ‘केसरी’त लिहू लागले ते याच शब्दांनी, आणि त्या खटल्याच्या मागे पुण्याचा प्लेग होता. एका साथीतून निघालेला शब्द सव्वाशे वर्षांनी दुसऱ्या साथीत कामाला आला.

आता तारखा बघा. ८ जून २०२०पासून खासगी कार्यालयांना १० टक्के कर्मचारी बोलावण्याची मुभा मिळाली. लोकल सुरू झाली १५ जूनला, तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. म्हणजे ऑफिस उघडलं, ऑफिसला नेणारी गाडी नाही. विरार, बदलापूरचा माणूस येणार कशाने?

[दृश्य: पहाटेचा एसटी स्टँड. मास्क लावलेली लांबच लांब रांग.]

तो एसटीने आला. लोकलने दीड तासाच्या आत होणाऱ्या प्रवासाला बसने त्याच्या दुप्पट वेळ लागू लागला. जुलैमध्ये नालासोपाऱ्यात बस मिळेना, तेव्हा चिडलेले प्रवासी थेट रुळांवर उतरले. टीव्हीवर त्या दिवशी ‘नियम मोडणारी गर्दी’ दिसली. ती कामावर निघालेली माणसं होती. खाडा झाला की पगार कापला जाणार, हे त्यांना पाठ होतं.

सावध राहा म्हणणाऱ्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत चार-पाच हजार माणसं कोंबलेली असतात. दुसऱ्याचा श्वास आपल्या मानेवर येतो. जूनमध्ये रेल्वेने एका गाडीत ७०० प्रवाशांची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. डॉक्टरांच्या टास्क फोर्सने घाई नको म्हणणं, हे त्यांचं कामच होतं. माझी तक्रार वेगळी आहे. दारं कोणासाठी आधी उघडायची हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्यासमोर फलाटावरचा माणूस कधी बसलाच नाही.

बायकांचंच घ्या. ऑक्टोबर २०२०मध्ये राज्य सरकार म्हणालं, घटस्थापनेपासून महिलांना लोकलमध्ये घ्या. रेल्वे म्हणाली, आधी चर्चा करू. त्यात चार दिवस गेले. अखेर २१ ऑक्टोबरला परवानगी आली: सकाळी ११ ते दुपारी ३, आणि संध्याकाळी ७नंतर. आता धुणीभांडी करणारी बाई डोळ्यांपुढे आणा. तिचं पहिलं घर सकाळी सातला असतं. अकराला ती गाडीत चढली, तर तिच्या हातचं कोणतं काम उरलं?

१ फेब्रुवारी २०२१पासून सगळ्यांना प्रवेश मिळाला, पण पहाटे सातच्या आत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९नंतर. मार्चमध्ये दुसरी लाट उसळली आणि बोट पुन्हा लोकलकडे गेलं. पण अमरावतीत कुठे होती लोकल? तिथे तर फेब्रुवारीतच रुग्ण वाढले आणि टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये ‘ब्रेक द चेन’ नावाचे निर्बंध आले, सामान्य प्रवासी पुन्हा फलाटाबाहेर.

जून २०२१मध्ये सरकारने निर्बंधांचे पाच स्तर केले. जिल्ह्यातला बाधितांचा दर किती, ऑक्सिजनचे बेड किती भरले, यावर काय उघडायचं ते ठरे. मला हा प्रयत्न मनापासून पटला होता. निदान मोजमाप सगळ्यांसमोर होतं. पण बऱ्याच ठिकाणी दुकानं चारला बंद, म्हणून दिवसभराची गर्दी चारच्या आत दाटली. ज्या खाणावळीचा धंदा रात्रीच्या जेवणावर, तिचा गल्ला तर रिकामाच राहिला.

[दृश्य: स्टेशनबाहेर मांडलेलं टेबल. आधारची झेरॉक्स, त्यावर निळा शिक्का.]

मग १५ ऑगस्ट २०२१. दोन डोस झालेल्यांना लोकल खुली, दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटले असतील तर. स्टेशनवर टेबलं लागली. लसीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स पुढे करायची, कर्मचाऱ्याने पडताळून शिक्का मारायचा, तो कागद खिडकीवर दाखवला की पास मिळायचा.

इथे जरा थांबून हिशेब करू. लस तुटपुंजी म्हणून मे महिन्यात राज्याने १८ ते ४४ वयाचं लसीकरण थांबवलं होतं. सरकारी केंद्रांवर ते जूनच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवस, वर १४. एकूण ९८. म्हणजे जूनअखेर पहिल्याच दिवशी रांगेत उभा राहिलेला तरुणसुद्धा सप्टेंबर संपत येईपर्यंत गाडीत चढू शकत नव्हता. ज्याच्याकडे एका डोसाचे ७८० रुपये होते, त्याने खासगी रुग्णालयात आधीच लस घेतलेली. डिलिव्हरीची पोरं, दुकानातले कामगार, हमाल, सगळे याच वयाचे.

आणि खिडकीवर मिळायचा तो फक्त महिन्याचा पास. एका वेळचं तिकीट नाही. नाक्यावर उभं राहून रोजचं काम शोधणाऱ्याला आज काम मिळेल की नाही तेच ठाऊक नसतं, त्याने महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे! मला या सगळ्या वादात सर्वांत जास्त लागलं ते हे. त्यात विषाणूला अडवणारं काही नव्हतं. दोन डोस घेतलेला माणूस पासावर जसा, तसाच तिकिटावर.

फेब्रुवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही विचारलं, दोन डोसांच्या अटीचे आदेश काढताना ठरलेली कार्यपद्धती पाळली का? सरकारने जुने आदेश मागे घेतले, पण नव्या आदेशात दोन डोसांची अट ठेवली. १ एप्रिल २०२२ रोजी राज्यातले सगळे निर्बंध उठले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता.

[दृश्य: तिकीट खिडकी. काचेखालून आत सरकणारं पाच रुपयांचं नाणं.]

रोजचं तिकीट मात्र त्याआधीच, ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस परत आलं होतं. शिक्क्याचा कागद अजून दाखवावा लागत होता. पण ज्याला फक्त आज जायचं होतं, तो फक्त आजचे पैसे देऊन गाडीत चढला.