पंक्चर: पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका फटीची गोष्ट

(पडद्यावर: रात्र. हायवेच्या कडेला थांबलेल्या ट्रॅक्टरचे दिवे. मागून भरधाव गाड्यांचा आवाज.)

रात्रीचे साडेअकरा. यवत मागं पडलंय, चौफुला अजून यायचाय. रस्त्याच्या कडेला एक ट्रॅक्टर उभा आहे. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही उसानं खच्चून भरलेल्या. शेवटच्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या पाचटानं निम्मा झाकलाय. ट्रॅक्टरला जायचंय पलीकडच्या अंगाला. समोर डिव्हायडर आहे आणि डिव्हायडरला एक फट आहे. आमच्याकडं तिला पंक्चर म्हणतात.

ट्रॅक्टरवरचा पोरगा खाली उतरतो. मोबाईलची बॅटरी लावून रस्त्याच्या मधोमध जातो आणि हात हलवायला लागतो. पहिली गाडी डिपर मारून निघून जाते. दुसरीही थांबत नाही. तिसरी कचकन ब्रेक मारते, तिच्या मागची तिच्यापेक्षा जोरात. मग ट्रॅक्टर हलतो.

इथं जरा हिशेब करू. दोन ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टरची लांबी १५ मीटर धरा आणि ओलांडायची एक बाजू १० मीटर. भरल्या ओझ्यानं तो माणसाच्या चालीनंच निघतो, म्हणजे ताशी ५ किलोमीटर. शेवटची ट्रॉली रस्त्याबाहेर पडेपर्यंत १८ सेकंद लागतात. ताशी १०० नं येणारी गाडी तेवढ्या वेळात अर्धा किलोमीटर कापते. या वेगाच्या गाडीला थांबायला आपल्या रस्त्यांच्या मानकात १८० मीटर धरलेत. त्यातले जवळपास ७० मीटर तर समोरचं दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच जातात. आणि हे झालं एकाच बाजूचं. डिव्हायडरची जागा इतकी अरुंद की हे १५ मीटरचं धूड तिथं थांबूच शकत नाही. तोंड पुढच्या लेनच्या तोंडाशी, शेपूट मागच्या लेनमध्ये. एकदा निघाला की त्याला दोन्ही बाजू एका दमात पार कराव्या लागतात.

त्या पोराच्या हातातल्या बॅटरीवर सगळं चाललंय.

(पडद्यावर: सकाळ. हडपसरकडून येणारी वाहतूक. टँकर, एसटी, दुचाकी, दुधाच्या गाड्या.)

हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ९ होता, आता ६५ आहे. पुण्याहून निघतो आणि सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत थेट मछलीपट्टणमला समुद्राला भिडतो. नकाशावर बघाल तर एक लांब रेघ. पण लोणी काळभोर, थेऊर फाटा, उरुळी कांचन, यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ या गावांसाठी तो अंगणातला रस्ता आहे. शाळेला जायचं तर त्यावरून, बाजाराला त्यावरून, शेताला त्यावरून. लोणीच्या तेल डेपोतले टँकर त्यावरून, कुरकुंभच्या एमआयडीसीतली शिफ्ट त्यावरून आणि चतुर्थीला थेऊरच्या चिंतामणीला निघालेली गर्दीही त्यावरूनच.

म्हणजे एकाच डांबरावर दोन कामं. हैदराबादला निघालेल्याला कुठंही न थांबता पुढं जायचंय. गावातल्या माणसाला दर दोनशे पावलांवर आत-बाहेर करायचंय. रस्ता दुपदरी होता, गाड्या हळू होत्या, तोवर दोघांचं निभत होतं. चौपदरी झाला, मध्ये डिव्हायडर आला, वेग वाढला आणि घर एका बाजूला, रान दुसऱ्या बाजूला अशी कितीतरी कुटुंबं दोन भागांत विभागली गेली. आमच्या चुलत्यांचं तसंच झालं. गोठा या अंगाला, विहीर त्या अंगाला. हाकेच्या अंतरावरच्या विहिरीवर मोटर चालू करायला त्यांना पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन उलटं यावं लागायचं. वर्षभर ते तसे गेलेसुद्धा. मग शेजाऱ्यांबरोबर एका रात्री डिव्हायडरचे चार दगड हलवले. मी त्याचं समर्थन करत नाही. पण त्यांना गुन्हेगार म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

(पडद्यावर: रस्त्याकडेची गटार जवळून. तिच्यात टाकलेला सिमेंटचा पाइप, वर मुरमाची भर.)

आता हा पाइप बघा. हायवेला नवं दुकान, ढाबा किंवा गोडाऊन निघालं की पहिलं काम हेच. रस्त्याकडेच्या गटारीत दोन पाइप टाकायचे, वर मुरूम ओतायचा, रोलर फिरवायचा. झाला रस्ता तयार. शेजारच्यानं बघितलं, त्यानंही टाकले. पाइप लहान, त्यात प्लास्टिक अडकतं आणि पहिल्याच वळवाचं पाणी गटारीतून न जाता डांबरावर येतं. दुचाकी घसरली तर लोक पावसाला दोष देतात. हा मुरूम कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

मंगल कार्यालयांचं तर विचारूच नका. लग्नाच्या तिथीला आतलं मैदान भरलं की गाड्या सरळ हायवेच्या कडेला. नवरदेवाची मिरवणूक कमानीशी आली की एक लेन गेलीच म्हणून समजा.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात १९५५ सालापासून महामार्ग कायदा आहे. पुढं केंद्रानं २००२ साली राष्ट्रीय महामार्गांच्या जमीन आणि वाहतूक नियंत्रणाचा कायदा केला. त्याच्या २८ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की महामार्गावर वाहन घेऊन येण्याचा हक्क कुणालाही आपोआप मिळत नाही, महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. पाच किंवा जास्त माणसांनी गटानं पायी येण्यालासुद्धा हेच लागू आहे. गावांबाहेर रस्त्याच्या मध्यरेषेपासून ४० मीटरवर इमारत रेषा, म्हणजे तिच्या आत बांधकाम नको, आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा, म्हणजे तिथवरच्या बांधकामावर प्रशासनाचं नियंत्रण, हेही ठरलेलं. पेट्रोल पंपाला तर वेग कमी करत आत यायची वेगळी पट्टी आणि वेग घेत बाहेर पडायची वेगळी पट्टी दाखवल्याशिवाय परवानगीच मिळत नाही.

मग अडतं कुठं? परवानगी एकेका दाराची मागितली जाते आणि एकेका दाराचीच तपासली जाते. पण रस्ता बिघडतो तो सगळ्या दारांच्या बेरजेनं. शंभर मीटरला एक दार असेल तर त्यातलं प्रत्येक दार नियमात बसवूनसुद्धा तो हायवे हायवे राहत नाही, बाजारपेठेचा रस्ता होतो. फक्त गाड्या मात्र शंभरनं धावत असतात.

(पडद्यावर: कागदावर पेनानं काढलेला चौक. रेघा एकमेकींना छेदतात, तिथं लाल ठिपके.)

वाहतूक अभियंते एक साधी आकृती काढतात. चार रस्ते मिळणारा चौक घ्या आणि प्रत्येक गाडीची वाट रेघेनं दाखवा. रेघा छेदतात, मिळतात किंवा फुटतात, म्हणजे जिथं टक्कर होऊ शकते, अशा जागा भरतात ३२. तीन रस्त्यांचा फाटा असेल तर ९. आणि डिव्हायडर अखंड ठेवून फक्त डावीकडून आत, डावीकडूनच बाहेर एवढीच मुभा दिली तर उरतात २. एक आत वळण्याची, एक बाहेर येऊन मिळण्याची. या सबंध विषयाचं मर्म मला या तीन आकड्यांत दिसतं. पंक्चर बंद करा असं अधिकारी म्हणतात, ते या हिशेबानं बरोबरच म्हणतात.

पण त्या दोन ठिपक्यांवर यायला गावाला दोन गोष्टी लागतात. बाजूनं सलग सर्व्हिस रोड आणि खालून जायला अंडरपास. सलग हा शब्द मी मुद्दाम वापरला.

(पडद्यावर: सर्व्हिस रोड ओढ्याच्या काठाशी संपतो. दुचाकीवाला क्षणभर थांबतो आणि हायवेवर उलट्या दिशेनं चढतो.)

हे बघितलंत? सर्व्हिस रोड ओढ्यापर्यंत आला आणि संपला. ओढ्यावर पूल आहे तो फक्त हायवेला. पलीकडं शंभर मीटरवर सर्व्हिस रोड पुन्हा सुरू होतो. मधले शंभर मीटर त्या माणसानं कुठून जायचं? तो राँग साइडनं जातो. शाळकरी पोरगीही सायकल घेऊन तशीच जाते. आपण त्यांना बेशिस्त म्हणतो. माझ्या मते ही बेशिस्त नकाशा काढतानाच झालेली आहे.

अंडरपासचंही तसंच. मोठ्या वाहनांच्या अंडरपासला साडेपाच मीटर उंची धरतात, गावाकडच्या लहान बोगद्याला त्याहून बरीच कमी. पुणे शहरात वापरायची फूटपट्टी इथं लावून चालत नाही. खडकवासल्याचं कालव्याचं पाणी, मुळा-मुठा आणि भीमेचा काठ यांच्यामुळं दौंड तालुका उसाचा आणि गुऱ्हाळांचा. इथला बोगदा उसाच्या ट्रॉलीच्या मापानं हवा. वरच्या मोळ्या छताला घासल्या की ट्रॅक्टरवाला दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पंक्चरवर. आणि पावसाळ्यात बोगद्यात गुडघाभर पाणी साचलं की दुचाकीवालेही त्याच्या मागं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला तेव्हा दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना त्यावर बंदी घातली, कारण जुना घाटरस्ता स्थानिकांसाठी हाताशी होता. समृद्धी ७०१ किलोमीटरचा, तोही ठरावीक इंटरचेंजवरूनच आत-बाहेर. कोऱ्या जमिनीवर नवा रस्ता आखताना दारं मोजून ठेवता येतात. आमचा रस्ता जुना, गावं त्याच्याही आधीची. इथं दार बंद करायचं म्हणजे कुणाची तरी रोजची वाट बंद करायची. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी दुसरी वाट द्या, ती वर्षभर चालवून बघा आणि मग डिव्हायडर जोडा. क्रम उलटा झाला की पंक्चर पुन्हा पडतंच, फक्त जागा बदलून.

आणि हे काम अपघातांची वाट न बघता करता येतं. सरकारी व्याख्येनुसार ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं गेली, तर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. मग तिथं पैसा येतो, पूल येतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर, जे एकूण रस्त्यांच्या लांबीत शंभरातले दोनच भरतात. उद्याचा ब्लॅक स्पॉट कुठं होणार हे इथल्या माणसाला आज सांगता येतं. एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉटिंगच्या कमानी लागल्यात, तिथं. दहा मालकांनी दहा पाइप टाकायच्या आधी त्या दहांना एकत्र बसवून मागच्या बाजूनं एक समाईक रस्ता काढायला लावला, तर हायवेला एकच तोंड लागेल. प्लॉट मंजूर करणारं कार्यालय आणि रस्ता सांभाळणारं कार्यालय यांनी एकाच नकाशावर सही केली तर हे जमतं. आज दोन टेबलं, दोन नकाशे.

(पडद्यावर: आषाढवारी. टाळ-मृदंग. हायवे माणसांनी भरलेला.)

हे जमत नाही असं मला कुणी सांगितलं की मी वारीकडे बोट दाखवतो. तुकाराम महाराजांची पालखी याच रस्त्यानं लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करत पाटसपर्यंत येते आणि पुढं रोटी घाटाकडं वळते. त्या दिवसांत जड वाहनं कुठून वळवायची, दिंड्यांचे ट्रक कुठं उभे करायचे, टँकर कुठून आत घ्यायचा हे आधीच ठरतं. पोलीस, महसूल, गावचे लोक एकत्र बसतात. कुणी दिंडीचा क्रम मोडत नाही. लाखो माणसं पुढं सरकतात आणि गावांची कामंही अडत नाहीत. पालखी पुढं गेली की दुसऱ्या दिवशी बॅरिकेड उचलतात आणि रस्ता पुन्हा ज्याचा त्याच्यावर सोपवतात.

(पडद्यावर: पुन्हा तीच रात्र.)

ट्रॅक्टर पलीकडं पोचलाय. पोरगा पळत येतो, हुकाला पाय लावून वर चढायला जातो आणि थांबतो. मागं ओळखीच्या ट्रॅक्टरचा हॉर्न वाजलाय. हंगाम आहे, आणखी दोघं रांगेत लागलेत. तो मालकाला हातानं पुढं हो म्हणून खुणावतो, बॅटरी परत लावतो आणि डिव्हायडरच्या फटीत जाऊन उभा राहतो.