विमान लहान झालं, खोडी नाही

हा टेबलावर ठेवलेला आहे तो नुसता खालचा डावा पंख. बाकीचं विमान बाहेर गाडीत आहे, कारण सगळं जोडून आणलं असतं तर या सभागृहाच्या दारातून ते आत आलं नसतं. टायगर मॉथ या वरखाली दुहेरी पंखांच्या विमानाचं हे रेडिओवर उडणारं मॉडेल, मूळच्या एक चतुर्थांश. मूळ विमान इंग्लंडच्या डी हॅविलंडचं, १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या, आपल्या हवाई दलातल्यासुद्धा. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत २९ फूट ४ इंच, माझे ८८ इंच.

"खेळणंच ना, मग एवढं मोठं कशाला?" असं आमच्या घरीही विचारून झालंय. लांबी चौथाई केली की पंखाचं क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होतं, वजन मात्र चौसष्टावा. मूळ रिकामं विमान साधारण ५०६ किलो, म्हणजे मॉडेल आठ किलोच्या आसपास हवं. माझं नऊ भरलं. जास्तीचा किलो रंगात आणि डिंकात गेला, दुसरं काय! पण मॉडेल याहून लहान केलं, तर पंखावरचा भार इतका हलका होतो की थोड्या वाऱ्यातही ते पतंगासारखं भिरभिरतं.

गोव्यात विमान बांधायचं म्हणजे पावसाशी भांडण. बाल्साच्या, म्हणजे हलक्या लाकडाच्या, सांगाड्यावर कापड ताणून मी डोप (कापड ताठ करणारं रोगण) लावायला घेतलं ते जुलैत. शहाणपणा बघा! डोपमधलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि सुंदर लाल पंख चुना फासल्यासारखा पांढरा पडतो. थर पुसून पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी पंख माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या, चौकटीला टांगून ठेवले. आई रोज वर बघून म्हणायची, "चवथीपूर्वी हे उतरव हां, नाहीतर गणपतीपुढे पंखांचीच माटोळी होईल."

हिवाळ्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या मोकळ्या पठारावर, विमान उडवायला गेलो. सकाळी, कारण दुपारी समुद्रावरचा वारा सुटतो आणि टायगर मॉथला ब्रेक नाहीत. शेपटीखाली चाकाऐवजी घसरती पट्टी, आडव्या वाऱ्यात ती भरवशाची नाही. जागा निवडताना डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा आधी पाहायचा. दाबोळीला नौदलाचा तळ, मोपाला २०२३ पासून विमानतळ. आपल्या छोट्या राज्यात आकाशही मोजूनच मिळतं.

पहिल्या उड्डाणातच मी डावीकडे वळण घ्यायला गेलो आणि नाक उजवीकडे गेलं. मला वाटलं रेडिओ बिघडला. रेडिओ ठणठणीत होता! या विमानाला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची वरखाली हलणारी झडप, फक्त खालच्या पंखांना. डावीकडे झुकताना उजवा एलेरॉन खाली जातो. तो पंख वर उचलतो तसा हवेत मागेही ओढतो. मूळ विमानात यावर उपाय आहे: एलेरॉन वर भरपूर जातो, खाली जेमतेम. मी बाहेरचा आकार इंचाइंचाने उतरवला होता, पण आतली ही जोडणी नाही. एलेरॉन हलवणाऱ्या माझ्या दोन्ही छोट्या मोटारी, म्हणजे सर्व्हो, वरखाली सारख्याच फिरत होत्या. वळणात वेग पडला, पंख कलला आणि जांभ्यावर तो टेकला तेव्हा करकरीत आवाज आला. तो हाच पंख. टोकाकडे बोट फिरवा, सांधा लागेल.

आता जोडणी बदलली आहे. तरीही वळताना रिमोटवर डावा अंगठा रडरवर (शेपटीच्या उभ्या झडपेवर) आधी जातो, मग उजवा एलेरॉनवर. ही सवय लागायला मला अख्खा हंगाम गेला.

पंख हातात घ्यायला हरकत नाही, पण फासळ्यांवर बोट दाबू नका. पूर्ण विमान बघायचं असेल तर गाडीकडे चला. वरखालच्या पंखांमधल्या तारा ओवायला अर्धा तास लागतो आणि एक जण धरायला हवा.