बेरीज न झालेला खर्च

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

मला दिलेल्या विषयाच्या नावात ‘अंदाजपत्रक’ हा शब्द असूनही आपण एवढ्या संख्येने आलात, याबद्दल आभार मानतो. काही जण पुढच्या कार्यक्रमासाठी आधीच जागा धरून बसले असतील, तर त्यांचेही मानतो. बेघरांसाठी पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न आपण उलट्या टोकाकडून विचारतो, असे माझे मत आहे. पैसा आजही खर्च होतो. मात्र तो अनेक लेखाशीर्षांत, म्हणजे हिशेबाच्या वेगवेगळ्या सदरांत, विखुरलेला असल्याने त्याची बेरीज कोणी मांडत नाही. ती मांडल्यास स्थानिक खर्चाचा प्राधान्यक्रम कसा बदलावा लागेल, हे मी उत्तरार्धात सविस्तर सांगणार आहे.

तत्पूर्वी मला बाकाविषयी बोलायचे आहे. सार्वजनिक बाकाच्या मधोमध एक लोखंडी हात बसवलेला आपण पाहिला असेल. कोपर टेकण्यासाठी दोन्ही टोकांना हात असतातच. मधला हात बहुतेक वेळा एवढ्याचसाठी असतो की, तेथे कोणाला आडवे होता येऊ नये. लंडनच्या कॅम्डन भागात २०१२ साली या कल्पनेची परमावधी झाली. तेथे बसवलेल्या काँक्रीटच्या बाकाचा पृष्ठभाग असा उतरता आणि वळणदार आहे की, त्यावर झोपता येत नाही, स्केटबोर्ड घासता येत नाही आणि फटी नसल्याने काही दडवताही येत नाही. त्यावर बसता येते, ही सवलत बहुधा नजरचुकीने राहिली असावी. अशा वस्तूमागे आरेखन असते, निविदा असते, देयके असतात. म्हणजे तो रीतसर सार्वजनिक खर्च असतो.

आता या खर्चाचा माग काढा. बाकाचा खर्च उद्यानांच्या किंवा सुशोभीकरणाच्या शीर्षाखाली पडतो. बाकावरून उठवलेला माणूस पुलाखाली जातो. तेथे टोकदार दगड बसवले की तो खर्च पुलाच्या देखभालीत जातो. तेथून त्याला हटवण्याचा खर्च पोलिसांच्या बंदोबस्तात दिसतो आणि उघड्यावर राहून तो आजारी पडला की रुग्णालयाच्या हिशेबात. माणूस एकच, शीर्षे चार, आणि ‘बेघर’ हा शब्द एकातही नाही. एकदा मी एका स्थानिक संस्थेच्या लेखा विभागात या सर्वांची एकत्र रक्कम विचारली. असे लेखाशीर्ष अस्तित्वात नसल्यामुळे असा खर्चही अस्तित्वात नाही, असे उत्तर मला अत्यंत सौजन्याने देण्यात आले. मी दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा अर्ज वेगळ्या नमुन्यात करावा, असे सांगितले. तो नमुना मात्र अद्याप तयार व्हायचा होता.

ही बेरीज अशक्य नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या रेनो शहरात दोन पोलिसांनी एका मद्यासक्त बेघर माणसाच्या बाबतीत ती करून पाहिली. तो रस्त्यावर पडे, रुग्णवाहिका येई, तातडीच्या विभागात उपचार होत आणि शुद्धीवर आल्यावर तो पुन्हा रस्त्यावर येई. दहाएक वर्षांचा हा खर्च त्यांच्या अंदाजाने दहा लाख डॉलरांच्या घरात गेला होता, आणि एवढे करून तो बेघरच राहिला होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सहा मिनिटे उरली आहेत, त्यामुळे ज्यासाठी मला बोलावले ते आता धावतपळत सांगतो.

अमेरिकी संशोधक डेनिस कल्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये न्यूयॉर्कमधील ४,६७९ गंभीर मनोरुग्ण बेघरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घर मिळण्यापूर्वी निवारे, रुग्णालये आणि तुरुंग यांवर माणशी वर्षाला सुमारे ४०,००० डॉलर खर्च होत. आधारसेवांसह घर दिल्यावर या खर्चात दर घरामागे १६,००० डॉलरांहून अधिक घट झाली. त्या घराचा वार्षिक खर्च १७,००० डॉलरांहून थोडा अधिक होता. म्हणजे निव्वळ जादा भार साधारण हजार डॉलरांचाच. घर दिल्याने प्रत्येक वेळी पैसा वाचतो, असा दावा मी करत नाही. कॅनडातील पाच शहरांत बेघरांना घर देण्याचा मोठा प्रयोग झाला; त्यात सर्वांत खर्चिक दहा टक्के सहभागींना घर देण्यावर खर्चलेल्या दर १० डॉलरांमागे इतर सेवांचे सुमारे २२ डॉलर वाचले, तर मध्यम गरजेच्या गटात साडेतीन डॉलरसुद्धा वाचले नाहीत.

अडचण खिशाची आहे. घराचे भाडे गृहनिर्माण विभाग देतो, बचत मात्र रुग्णालयाच्या आणि पोलिसांच्या खात्यात होते, म्हणून पहिले पाऊल टाकायला कोणीच उत्सुक नसतो. तरतूद केल्याने तरी काम होते का? भारतात बेघरांसाठी निवारे उभारण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील आदेशांनंतरही निवाऱ्यांचा निधी नीट वापरला जात नसल्याच्या तक्रारी राहिल्या आणि २०१६ मध्ये त्याच न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली. म्हणून माझी सूचना अशी की, अंदाजपत्रकाला या विखुरलेल्या खर्चाचे एक परिशिष्ट जोडावे, संबंधित विभागांनी त्यातील ठरावीक हिस्सा एका सामाईक निधीत वर्ग करावा, आणि यश निवाऱ्यातील खाटांवरून न मोजता, वर्षभरानंतर किती जण त्याच घरात टिकून आहेत यावरून मोजावे.

निवाऱ्यातील खाटेऐवजी टिकाऊ घर, ही दिशा फिनलंडने २००८ पासून धरली. हेलसिंकीतील निवाऱ्यांच्या खाटा १९८५ मध्ये २,१२१ होत्या, त्या २०१६ मध्ये ५२ उरल्या, कारण निवाऱ्यांच्या जागी भाडेकराराची घरे आली. मात्र तेथेही २०२४ मध्ये गृहभत्त्यात कपात झाली आणि त्याच वर्षी, दशकभराहून अधिक काळ घटत आलेली बेघरांची संख्या पुन्हा वाढली. त्यामुळे हा निधी वर्षावर्षाने मंजूर होणारा नको. किमान पाच वर्षे बांधील असलेली रक्कम हवी. वित्त विभागाचा सर्वांत मोठा आक्षेप नेमका याच मागणीला असेल. आपणही आपले प्रश्न तेथूनच सुरू करावेत, अशी विनंती करून थांबतो.