तोच गर्भ, उद्या पुन्हा

मंडळी, ॲरिस्टॉटलनं कोंबडीची अंडी एकामागून एक फोडून आत पिल्लू कसं घडतं ते पाहिलं. पहिल्या काही दिवसांतच त्याला रक्ताचा एक धडधडणारा ठिपका दिसला, ते हृदय. पण फोडलेलं अंडं तिथंच संपलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं ते वेगळं अंडं, वेगळं पिल्लू. गर्भशास्त्र पुढंही बरंचसं असंच चाललं. अनेक जिवांचे एकेक क्षण ओळीनं मांडायचे आणि ही एकाचीच वाढ आहे असं धरून चालायचं.

मला हवा असतो तोच गर्भ, उद्या पुन्हा. म्हणून मी उंदराच्या मादीच्या पोटातले जिवंत गर्भ अल्ट्रासाउंडनं, म्हणजे ध्वनिलहरींनी, पाहते.

उंदराचं गर्भारपण जेमतेम 19-20 दिवसांचं. आठव्या दिवसाच्या सुमारास हृदय हलू लागतं. आपल्या रुग्णालयातलं अल्ट्रासाउंड यंत्र साधारण 3 ते 7 मेगाहर्ट्झवर (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपनं) चालतं, त्याला एवढासा जीव धूसर दिसणार. इथं 30 ते 50 मेगाहर्ट्झ लागतात. मग मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा तपशील हाती येतो, पण ध्वनी सेंटिमीटरभर आत जाऊन विरतो. उंदराच्या पोटाला तेवढं पुरतं.

प्रत्यक्ष काम नाजूक आहे. मादीला भूल द्यायची, पोटावरची लव काढायची, तिला उबदार पाटीवर उताणी ठेवायची. जेलसुद्धा कोमट हवं. गार जेलनं तिचं अंग गारठतं, पोटातल्या हृदयांचे ठोके मंदावतात, आणि आपण गर्भातला दोष पाहतोय की आपणच लावलेला गारठा, हे कळेनासं होतं. जास्त भुलीचंही तेच. म्हणून मी म्हणते, मादीची काळजी हा दयेचा भाग आहेच, पण त्याशिवाय मोजमापही खरं येत नाही.

दुसरी अडचण ओळखीची. उंदराच्या गर्भाशयाला दोन लांब शिंगं असतात आणि त्यांत माळेसारखे सहा-आठ, कधी त्याहून जास्त गर्भ. कालचा कोणता? मूत्राशय ही खूण धरायची आणि तिथून डावीकडचा पहिला, दुसरा, उजवीकडचा पहिला असं मोजत जायचं. शेवटच्या दिवसांत दाटी होते, माळ दुमडते, तेव्हा हा हिशेब चुकू शकतो.

आयोडीनमध्ये मुरवलेला गर्भ मायक्रो-सीटीत, म्हणजे क्ष-किरणांच्या सूक्ष्म त्रिमित चित्रात, फार सुंदर दिसतो. 2002 मध्ये जेम्स शार्प आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ऑप्टिकल प्रोजेक्शन टोमोग्राफीतही (नमुन्यातून अनेक कोनांनी प्रकाश पाठवून चित्र जुळवायची पद्धत) अवयव त्रिमितीत उभे राहतात. पण सहसा तो गर्भ मेलेला असतो.

उंदरांत जनुकं एकेक निकामी करून पाहिली, तर साधारण चारातल्या एका जनुकाशिवाय पिल्लू दूध सुटेपर्यंतही टिकत नाही. त्यातले कित्येक गर्भ पोटातच मरतात आणि विरघळतात. उशिरा पोट उघडलं तर त्या जागी फक्त काळसर डाग सापडतो. रोज पाहिलं असेल तर कळतं, की डावीकडच्या तिसऱ्याचं हृदय बाराव्या दिवशी संथ झालं होतं, तेराव्या दिवशी हृदयाभोवती पाणी साचलं होतं, आणि चौदाव्या दिवशी ठोका नव्हता.